काबूल, तासगाव आणि अप्पा

"अप्पा, काबूल पडलं!" भूपालकाकांनी दुकानाच्या पायरीवरूनच आरोळी ठोकली.

"मग? उचलायला मी जाऊ व्हय?" अप्पांनी मान वर न करता विचारलं. फोडलेल्या बॉक्समधून मूठभर बेदाणे घेऊन त्यांनी ते तळहातावर पसरले होते आणि एकेक दाणा अंगठ्यानं दाबून बघत होते.

तासगावच्या बाजारात आमचं अडतीचं दुकान. शेतकरी बेदाणा आणून आमच्याकडे टाकायचे, व्यापारी येऊन बोली लावायचे आणि अप्पा मधे उभे राहून दोघांशीही भांडायचे. सौद्याच्या दिवशी नमुन्याचे बॉक्स फोडले जातात. जो येतो तो मूठ भरतो, चार दाणे तोंडात टाकतो आणि उरलेले हातातून सुटतात ते खाली. दुपारपर्यंत फरशीवर बेदाण्याचा थर बसतो, चालताना चपला चिकटतात. लहानपणी माझी समजूत होती की सगळ्यांचेच वडील घरी आले की आधी उंबऱ्याशी बसून चपलेचे बेदाणे खरवडतात.

२०२१ सालचा ऑगस्ट होता. मी पुण्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. कॉलेज अजून पडद्यावरच भरत होतं, म्हणून मी तासगावात येऊन राहिले होते. सकाळी माडीवर बसून मुलांना आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवायचा आणि अकराच्या सुमारास दुकानात जाऊन तो बघायचा, असा माझा दिवस.

भूपालकाका आत आले. मास्क हनुवटीवर, चेहरा लग्नघरातला. "थट्टा नव्हं. तिकडची हद्द बंद. अफगाणचा एक दाणा आता भारतात येत नाही. आज बघ सौदा कसा चढतोय ते. देवानं ऐकलं बघ आपलं!"

"देवानं?" अप्पा म्हणाले. "बंदुका घेऊन फटफटीवर बसून आलेल्यांना तू देव म्हणायलास?"

"तसं नव्हं रं..."

"तसंच म्हणालास. त्रिशला, तू ऐकलंस का न्हाई?"

"ऐकलं," मी म्हणाले.

"आता साक्षीदार बी झाला."

काका अप्पांचे शाळेपासूनचे मित्र. बेदाणा उत्पादक आणि व्यापाऱ्यांची जी संघटना होती तिचे अप्पा अध्यक्ष आणि काका चिटणीस. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे परदेशी बेदाण्यावर जबर आयात कर लागला पाहिजे. शेजारदेश म्हणून अफगाणिस्तानच्या मालाला सवलत होती, ती यांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं खुपत होती. दर वर्षी दिल्लीला निवेदन जायचं. ते इंग्रजीत मी लिहायची. अप्पा मराठीत सांगायचे, "लिही, आम्ही काय पाकिस्तानच्या हद्दीपलीकडं राहतो काय?" आणि मी त्याचं सभ्य इंग्रजी करायची.

या वर्षी मात्र निवेदनावर भागणार नव्हतं. आयात कराचं धोरण ठरवणारी दिल्लीची एक समिती आठवड्यानं स्वतः तासगावला येणार होती, समोरासमोर ऐकून घ्यायला. संघटनेच्या वतीनं अप्पा बोलणार होते. जे काय कायमचं व्हायचं ते त्या एका दिवसात, असं सगळा बाजार म्हणत होता.

त्या दिवशी सौदा खरंच चढला. हिरव्या बेदाण्याला असा भाव मिळाला की मणेराजुरीच्या एका शेतकऱ्यानं टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, "अडतदार, परत एकदा बोला. घरी सांगायचंय मला."

सौदा संपला की दुकानात बैठक भरायची. तिचा एक विचित्र रिवाज होता, अप्पांनीच पाडलेला. अप्पा एखादं मत ठोकून द्यायचे. ज्याला पटलं नाही त्यानं भांडायचं, त्याला चहा फुकट. ज्याला पटलं त्यानं सगळ्यांना चहा सांगायचा. त्यामुळे अप्पांच्या दुकानात सहसा कुणाला काही पटत नसे.

"आज मी सांगतो," अप्पा गादीवर मांडी ठोकून म्हणाले. "जगात कुठं बी बंदूक वाजू दे, तिचा आवाज आधी तासगावात येतोय. इराणवर बंदी आली, आपला भाव हलला. काबूल गेलं, हलला. मग सरकारनं काय करायचं? एकच. दारच लावून घ्यायचं. एवढा कर ठोकायचा की बाहेरचा बेदाणा दारातनं बघूनच माघारी गेला पायजे. बोला, कुणाला पटत न्हाई?"

"मला," काका म्हणाले.

"तुला पटत न्हाई? चिटणीस हाईस ना रं तू?"

"पटतंय रं, पण चहा कोण सांगणार?"

हशा झाला. अप्पांनी मग माझ्याकडे बघितलं. बघायची त्यांची एक पद्धत होती. एक भुवई वर जायची आणि थांबायची. "बाईसाहेब, तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?"

माझ्या पुस्तकात बरंच काही म्हणत होते. पण दहावीनंतर वडिलांच्या आजारपणामुळे शाळा सोडून या गादीवर बसलेला माणूस, समोर त्याची चार माणसं, आणि त्याच्याच बेदाण्यावर शिकलेली मी.

"बरोबर आहे, अप्पा," मी म्हणाले.

भुवई खाली आली. "मग सांग चहा," ते म्हणाले.

चहा येईपर्यंत त्यांनी दिल्लीला फोन लावला. नजीबखानाला. हा मूळचा कंदहारचा, दिल्लीत अफगाण मेव्याचा मोठा व्यापार. म्हणजे ज्याच्या मालावर कर लावा म्हणून अप्पा सरकारच्या मागे लागले होते तोच हा. तीस वर्षांची दोस्ती. एकदा तो तासगावला आला होता आणि आमच्या घरी जेवला होता. आम्ही जैन. आईनं कांदा-लसणाशिवायचा साग्रसंगीत स्वयंपाक केला. नजीबखान पोटभर जेवला, हात धुतले आणि हलक्या आवाजात अप्पांना विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का?" त्या मुक्कामात तो दोनच मराठी शब्द शिकला, "गप बस". फोनची सुरुवात दोघंही त्यांनीच करायचे.

"गप बस!" अप्पा फोनवर ओरडले. "सब ठीक? भाई किधर है? बहन? पोहोंची? ...अरे ट्रक का मरने दे, माणसं बोल पहले!"

बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. पायानं फरशीवरचे बेदाणे एका बाजूला सारत होते. मग म्हणाले, "देख नजीब. तेरा माल अटका, मेरेकू आनंद है. तेरे घरके पोहोंचे, मेरेकू जादा आनंद है. दोनो लिख के ले." पलीकडून काहीतरी आलं. "तूच गप बस," म्हणून अप्पांनी फोन ठेवला.

"काय म्हणतोय?" काकांनी विचारलं.

"म्हणतोय, तुमच्या समितीला सांग, कर लावा. येणारच न्हाई त्या मालावर कर लावायला काय जातंय सरकारचं!" अप्पा हसायला लागले. "लई वाईट माणूस. बरोबर बोलतोय."

संध्याकाळी घरी आईनं घावन केले. अप्पांनी ते ताटात उभे धरून त्यांच्या आरपार दिवा बघितला, जाळी पडलीय का म्हणून, आणि आईनं दर वेळेसारखं "पोटात जाळी बघणार कोण?" म्हणून विचारलं. मग त्यांनी समितीपुढचं भाषण आम्हा दोघींपुढे म्हणून दाखवलं. मधेच थांबून म्हणाले, "त्यांच्यात एखादा जर म्हणाला, तुमचं चुकतंय, तर मी काय बोलू?"

"कोण कशाला म्हणेल?" मी म्हणाले.

"म्हणायला पायजे की. त्याशिवाय मजा काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं अंघोळीचं पाणी काढून अप्पांना हाक मारली. पाणी तसंच निवलं.

पुढच्या दिवसांतलं मला सलग काही आठवत नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं आठवतं. बाजारातली माणसं घरी येऊन बसायची आणि दुखवट्याचे चार शब्द बोलून झाल्यावर हटकून अप्पांच्या एखाद्या भांडणाची गोष्ट सांगायची. मग हसायची आणि हसल्याबद्दल आईची माफी मागायची. आई म्हणायची, "हसा की. रडवायला ते कुठं जात होते दुकानात?"

समितीची तारीख काही बदलली नाही. भूपालकाका येऊन कोपऱ्यात बसले.

"मी बोलायला उभा राह्यलो तर मुद्दाच इसरतो," ते शेवटी म्हणाले. "आणि इंग्रजीत काय विचारलं तर तोंडच आ. पोरी, तूच लिहितीस सगळं. तूच बोल. पण सुतक..."

"समिती काय सुतक फिटायची वाट बघणार हाय?" आई आतून म्हणाली. "जाईल ती."

"अप्पांचंच बोलायचं हां," काका म्हणाले. "दार लावा. बास. माणसं लई आशेनं बसलीत."

मी हो म्हणाले. त्यात अवघड काही नव्हतं. अप्पांचं भाषण मला पाठ होतं.

सुनावणीच्या आदल्या दुपारी नजीबखानाचा फोन आला. हिंदीतच बोलत होता, मी मराठीत सांगते. म्हणाला, "फोन उचललास तेव्हा सवयीनं 'गप बस' म्हणणार होतो. मोठी चूक झाली असती."

"म्हणा की," मी म्हणाले.

त्यानं म्हटलं. मला त्या दिवसांतलं पहिलं रडू तेव्हा आलं, आणि हसूही.

"उद्या तू बोलणार म्हणे. आमच्यावर कर लावा म्हणून."

"हो. अप्पांचं आहे ते."

"आणि तुझं?"

"माझं काय?"

"तुझा बाप काय म्हणायचा सांगू? रागावू नकोस. म्हणायचा, भूपाल मला गाढव म्हणतो. तू मला चोर म्हणतोस. बायको घरात घेत नाही म्हणते. माझी मुलगी एवढी शिकली, जगाचे व्यापार तिला कळतात, ती मात्र मला 'बरोबर आहे, अप्पा' म्हणते. लहान मुलानं चित्र काढून दाखवलं की म्हणतात ना, तसं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणायचा, माझं कुठंतरी चुकतंय हे मला कळतं, नजीब. कुठं ते तिला ठाऊक आहे. ती सांगेल म्हणून मी दर खेपेला आवाज वाढवतो."

फोन ठेवल्यावर मी दुकानात जाऊन बसले. अप्पांच्या गादीवर नाही, समोरच्या बाकावर. इतकी वर्षं 'बरोबर आहे, अप्पा' म्हणताना मला वाटत होतं की मी त्यांचा मान राखतेय.

दुसऱ्या दिवशी बाजार समितीचं सभागृह खचाखच भरलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची ठेवून तिच्यावर संघटनेनं अप्पांचा हार घातलेला फोटो ठेवला होता. कुणीतरी एका लग्नातला फोटो मोठा करून आणला होता. अप्पा फोटोग्राफरशी वाद घालता घालता टिपले गेलेले, भुवई वर. हार घालूनही तो माणूस काही दुखवट्याचा दिसत नव्हता.

समितीचे अध्यक्ष चौबळ नावाचे निवृत्त अधिकारी होते. पांढरे केस, शांत आवाज, मराठी माणूस. मी उभी राहिले आणि अप्पांचं म्हणणं सगळं मांडलं. काटछाट केली नाही. जगात कुठंही बंदूक वाजली की आवाज आधी तासगावात येतो, हेही म्हणाले. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "अप्पाच बोलाय लागले!" भूपालकाका उपरण्यानं डोळे पुसत होते.

चौबळ म्हणाले, "मुद्देसूद मांडलंत. ही संघटनेची भूमिका. तुम्ही स्वतः अर्थशास्त्र शिकवता असं कळलं. तुमचं स्वतःचं मतही हेच आहे, असं लिहून घेऊ?"

त्यांच्या शेजारच्या अधिकाऱ्यानं लिहायला सुरुवातही केली होती. मी "हो" म्हटलं असतं तर संपलं असतं.

"नाही," मी म्हणाले.

त्या अधिकाऱ्यानं लिहिलेलं खोडलं.

"साहेब, यंदा हद्द बंदच आहे. जो माल येतच नाही त्याच्यावर कर लावून आम्हाला काय मिळणार? भाव तर युद्धानंच चढलाय. सणाच्या तोंडावर तो आणखी चढेल, मग मिठाईवाले ओरडतील, शहरातली गिऱ्हाइकं ओरडतील आणि सरकार तोच कर एका आदेशात खाली आणेल. दुसऱ्या चार देशांचा माल आत येईल. आजवर सगळं असंच चाललंय. जगात काहीतरी होतं, जो मोठ्यानं ओरडतो त्याच्या बाजूनं धोरण हलतं."

"मग तुम्हाला काय हवं आहे?"

"इथला शेतकरी ऑक्टोबरात बागेची छाटणी करतो. कात्री लावतानाच तो ठरवतो, ही बाग खायच्या द्राक्षाची आणि ही बेदाण्याची. बेदाणा तयार होतो फाल्गुनात. विकला जातो थेट श्रावण-भाद्रपदापर्यंत. मधे तुम्ही कर चढवला काय आणि उतरवला काय, तो बाग काही बदलू शकत नाही. आम्हाला भिंत उंच नको. न हलणारी हवी. कर किती ते छाटणीच्या आधी सांगा, आणि त्या हंगामाचा माल विकून होईपर्यंत कुठंही बंदूक वाजो, त्याला हात लावू नका. मग काबूलचा बेदाणा आला तरी आमचा माणूस आधी हिशेब करून बसलेला असेल."

चौबळ पुढे वाकले होते. "छाटणीच्या आधी," ते शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले. "हे लिहा."

पण मागे गलका सुरू झाला होता. "आरं, ही काय बोलायलीय?" "दार उघडं ठेवा म्हणतीया!" "न्हाई, छाटणीचं बरोबर हाय की!" "काय बरोबर हाय? अप्पा काय म्हणत होते?" मणेराजुरीचा तो शेतकरी टोपी हातात घेऊन उभा राहिला होता आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना खाली बसा म्हणत होता.

भूपालकाका उठले. या वेळी ते मुद्दा विसरले नव्हते.

"त्रिशला," ते म्हणाले, "तुझ्या बापानं तीस वर्षं जे मांडलं ते तू आज मोडलंस. तो गेल्यावर. लोकांपुढं." त्यांनी बोट त्या खुर्चीकडे केलं. "ह्यातलं एक तरी वाक्य त्याच्या तोंडावर बोलली असतीस का गं? सांग की. बोलली असतीस?"

खाली बसा म्हणणारा मणेराजुरीचा शेतकरी स्वतःच खाली बसला.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. त्या समितीनं पुढं काय केलं, किती ऐकलं आणि किती नाही, यावर आमच्या बाजारात अजून भांडणं होतात. भूपालकाका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर आले ते छाटणीवर वाद घालायलाच, आणि अजून येतात. पण त्या क्षणी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की काकांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर मी द्यायचं ते काकांना नव्हे.

मी माईक बाजूला ठेवला. पहिल्या रांगेपाशी गेले, खुर्चीसमोर उभी राहिले. भुवई वरच होती.

"अप्पा," मी म्हणाले, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "तुमचं चुकतंय."